गोळीमुक्त विभाग

आमच्या शेडच्या दारावर हिरव्या अक्षरांत पाटी लागली, ‘हा विभाग गोळीमुक्त आहे.’ नवीन माणसाला वाटायचं, इथे आधी गोळीबार व्हायचा की काय. तसं काही नव्हतं. आमच्यातलं कुणीही डोक्याची, मनाची, झोपेची, उदासपणाची कसलीच गोळी घेत नाही, एवढंच कंपनीला जगाला सांगायचं होतं. आम्ही सगळे जन्मजात आनंदी.

आमचा विभाग ओतकामाचा. भट्टीत लोखंड वितळतं, ते लॅडलमध्ये घेतात. लॅडल म्हणजे आत माणूस उभा राहील एवढी मोठी बादली. क्रेन ती उचलते आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला साच्यांपर्यंत नेते. क्रेन छताखालच्या रुळांवरून चालते, तिच्या पोटाला काचेची केबिन लटकलेली, आणि त्या केबिनमध्ये माझे बाबा. खाली मी. तोंडात शिट्टी, हातात इशारे. वर घे, खाली सोड, डावीकडे, हळू. लॅडलच्या पलीकडे काय आहे ते बाबांना वरून दिसत नाही, मला दिसतं. म्हणून सगळे मला शिट्टी म्हणतात. शाळा सोडल्यावर तीन दुकानांतून मला हाकललं, तिन्ही वेळा उलट बोलले म्हणून. इथे तोंडात शिट्टी असते म्हणून टिकलीय, असं आईचं म्हणणं.

क्रेनवाला फक्त माझेच इशारे ऐकतो. एक सोडून. दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली की थांब. ही फुली कुणीही करू शकतं. मोठा साहेब, झाडूवाला, चहावाला, रस्ता चुकून आत आलेला माणूस. फुली दिसली की थांबायचं, कारण नंतर विचारायचं, आणि फुली उगाच केलेली निघाली तरी करणाऱ्याला ओरडायचं नाही. कंपनीत भिंतीभिंतीवर नियम चिकटवलेत. हा एकच कुठे चिकटवलेला नाही आणि हा एकच सगळे पाळतात.

आमची दुसरी रीत पाण्याची. दुरुस्तीसाठी भट्टी काही दिवस बंद राहिली की सुरू करायच्या आदल्या दिवशी पाण्याची फेरी. एक जुनी लॅडल त्यासाठीच कोपऱ्यात ठेवलीय. खऱ्या लॅडलमध्ये पाण्याचा अंशही चालत नाही, ओल्यावर वितळलेलं लोखंड पडलं तर शेडचं छप्पर शोधायला शेजारच्या गावी जावं लागेल. तर ती जुनी लॅडल काठोकाठ भरायची आणि क्रेनने या टोकाची त्या टोकाला न्यायची. त्यात ब्रेक कळतो, दोर कळतो आणि वर बसलेला माणूसही कळतो. ज्याच्या हातून सांडेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. बाबांच्या हातून थेंब सांडलेला कुणी पाहिला नव्हता, म्हणून ते थेंबेसाहेब. त्यांचा चहा आजवर कुणी प्यायला नाही म्हणून मागून कंजूसही म्हणायचे.

हे सगळं छान चाललेलं, आणि मग सेफ्टीसाहेब आले.

सेफ्टीसाहेब नवे होते, बुटांना अजून दुकानाचा वास होता. त्यांनी आम्हाला जेवणाच्या हॉलमध्ये बसवलं, पडद्यावर एक रेघ दाखवली. रेघ डावीकडून निघून उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेली होती.

“ही विश्वासार्हता,” सेफ्टीसाहेब म्हणाले. “मनाच्या गोळ्या घेणाऱ्या कामगाराची विश्वासार्हता.”

मी हात वर केला. शाळेत कधी केला नव्हता.

“साहेब, ही रेघ कुणाची?”

“अभ्यास आहे.”

“कुणाचा?”

“ट्रक ड्रायव्हरांचा. झोपेच्या गोळ्या घेऊन गाडी चालवणाऱ्या.”

“मग ती घसरणारच ना, झोपेची गोळी झोपायला घेतात.”

“शिट्टी!” फोरमन मागून ओरडला. तो माझ्यावर दिवसातून इतक्यांदा ओरडतो की माझ्या नावाचं त्याच्या तोंडाला वळणच पडलंय.

सेफ्टीसाहेबांनी मग प्रेमाने समजावलं. ज्याला अशी कुठलीही गोळी चालू आहे त्याने स्वतःहून पुढे यावं. कुणाला काही त्रास होणार नाही. कंपनी आपली आई आहे.

दुसऱ्या दिवशी खांब पुढे आला. खांब म्हणजे आमचा दुसऱ्या पाळीचा क्रेनवाला, इतका उंच की केबिनमध्ये बसताना पाय दुमडून छातीशी घ्यावे लागतात. त्याला खोटं बोलता येत नाही. हा काही गुण वगैरे नाही, काहींना शीळ घालता येत नाही तसं. तो साहेबांकडे गेला, म्हणाला, मी उदासपणाची गोळी घेतो, बरीच वर्षं झाली, त्रास काही नाही. साहेबांनी हात हातात घेऊन त्याचं अभिनंदन केलं आणि त्याला भंगारात टाकलं. म्हणजे खरंच भंगारात. शेडमागे भंगाराचा ढीग आहे, तिथे चुंबक फिरवून लोखंड वेगळं काढायचं. ‘तात्पुरतं,’ साहेब म्हणाले. भंगारावरची पत्र्याची शेडपण तात्पुरतीच बांधलेली, आमचा फोरमन नवरदेव होता तेव्हा.

मग साहेबांनी पुन्हा हॉलमध्ये बोलावलं. “अजून कुणी घेत असेल तर सांगा. जे घेत नाहीत त्यांनी हात वर करा.”

सगळ्यांचे हात वर. एका रात्रीत अख्खी शेड ठणठणीत झाली. माझ्या शेजारी जांभईमामा बसलेला. तो आमचा तिसरा क्रेनवाला, कुणी आलं नाही की डबल पाळी त्याच्याच गळ्यात. त्याने एक हात वर केला आणि दुसऱ्याने जांभई झाकली. ती साहेबांना दिसली नाही. जांभईची गोळी नसते ना.

आणि पुढच्या रांगेत बाबांचा हात वर गेला.

मी बाबांच्या मानेकडे बघत राहिले. बाबा गोळी घ्यायचे. रोज, जेवणानंतर, अर्ध्या ग्लास पाण्यासोबत.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. एकदा बाबांनी रिकामी लॅडल मध्येच थांबवली आणि केबिनमध्ये तसेच बसून राहिले. हात उचलेनात. फोरमनने वर चढून त्यांना उतरवलं, चक्कर आली म्हणून सांगितलं. चक्कर काय, ते घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. अंघोळ नाही, बोलणं नाही. आई दवाखान्याच्या लाँड्रीत काम करते, चादरी धुते. तिने तिथल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाईंनी गोळी दिली आणि बजावलं, “पहिले काही आठवडे क्रेनवर चढायचं नाही. झोप येईल, हात जड होतील. अंगाला बसली की मी सांगेन तेव्हा चढा. आणि मनाने बंद करायची नाही.” बाबांनी कंपनीत कावीळ सांगितली. कावीळ झालेल्या माणसाबद्दल सगळ्यांना माया असते, घरी फळं पाठवतात. मन आजारी पडलं तर कोण सफरचंद पाठवतंय! गोळी अंगाला बसली, बाईंनी हो म्हटलं, बाबा परत वर गेले. त्यानंतरच ते थेंबेसाहेब झाले. आधी त्यांच्या हातून सांडायचं, हे लोक विसरले.

हात वर केला त्या संध्याकाळी मी घरी गेल्या गेल्या म्हटलं, “चांगलं केलंत. सगळेच खोटं बोलले, तुम्हीपण बोललात. बरोबरच केलंत.”

“मी खोटं बोललो नाही,” बाबा म्हणाले.

“म्हणजे?”

“हात वर केला तेव्हाच ठरवलं. आजपासून गोळी बंद. आता ते खरं आहे.”

घ्या! अख्ख्या शेडमध्ये जे लबाड होते ते हात वर करून घरी जाऊन आपापली गोळी गिळून झोपले. खांब खरं बोलून भंगारात गेला. आणि माझे बाबा, त्यांना खोटंही बोलायचं नव्हतं आणि भंगारातही जायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मधला रस्ता शोधला. खोटं आधी बोलले, मग ते खरं करून दाखवायला बसले.

आई भांडी घासता घासता थांबली. “बाईंना विचारलंत?”

“त्यांना काय विचारायचं. इतकी वर्षं काही झालंय का मला?”

“गोळीमुळे झालं नाही ना!”

“बघू,” बाबा म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे विषय संपला.

रविवारी आत्या आली. आत्या बाबांची थोरली बहीण, तिला कुणीतरी हे कळवलं होतं, बहुतेक बाबांनीच, शाबासकीसाठी. तिने शाबासकी दिली. “बरं केलंस. मनाला कसली रे गोळी लागते? मन खंबीर पाहिजे.” एवढं बोलून तिने पर्स उघडली आणि आपल्या गोळ्या मांडल्या. बीपीची, साखरेची, गुडघ्याची, आणि एवढ्या गोळ्यांनी पोटात जळजळ होते त्याची एक.

“आत्या,” मी म्हटलं, “तू बीपी खंबीर कर की.”

“बघ गं तुझी मुलगी!” आत्या आईला म्हणाली. चूक केली की मी आईची असते.

“बीपी शरीराचं असतं,” आत्या म्हणाली.

“आणि डोकं काय शेजाऱ्यांचं असतं?”

“शिट्टी, गप,” बाबा म्हणाले. घरात ते मला त्या नावाने कधी हाक मारत नाहीत.

पहिले काही दिवस खरंच काही झालं नाही. बाबा येता-जाता आम्हाला ऐकवायचे, “बघा, होतंय का काही?” मग व्हायला लागलं. बाबा उठताना भिंत धरू लागले. मी विचारलं तर म्हणाले, “काही नाही, मान पटकन वळवली की डोक्यात कुणीतरी टिचकी मारतं.” टिचकी! क्रेनवाला दिवसभर दुसरं करतो काय? मान वळवतो. खाली माझ्याकडे, मग रुळाकडे, मग साच्यांकडे, परत माझ्याकडे. पावाचा तुकडा करपला म्हणून ते आईवर ओरडले, आणि त्यावर स्वतःच डोळे पुसत बाहेर जाऊन उभे राहिले. आईने गोळ्यांची पट्टी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी ती उचलून कपाटावर ठेवली, जिथे आईचा हात पोचत नाही. माझा पोचतो. पण मोठ्या माणसाच्या घशात गोळी कशी घालायची ते मला कुठे शिकवलंय!

तेवढ्यात दुरुस्तीसाठी बंद असलेली भट्टी तयार झाली. सेफ्टीसाहेबांच्या अंगात आलं. मोठ्या ऑफिसातून पाहुणे येणार होते, नव्याने पेटवलेल्या भट्टीचं पहिलं ओतकाम बघायला आणि ती हिरवी पाटी बघायला. आणि साहेबांनी दाखवण्यासाठी नमुना निवडला तो थेंबेसाहेब. “आमचा आदर्श ऑपरेटर. बिनगोळीचा.” म्हणजे शेतातल्या सगळ्या वांग्यांतून नेमकं किडकं उचलून टोपलीत वर ठेवलं.

आदल्या दिवशी पाण्याची फेरी झाली. जुनी लॅडल भरली. मी शिट्टी मारली, बाबांनी उचलली. नेहमी बाबांनी उचललेली लॅडल हलते आहे हे कळतच नाही, शेडच मागे सरकतेय असं वाटतं. त्या दिवशी अर्ध्या वाटेत त्यांनी माझ्याकडे बघून रुळाकडे मान फिरवली आणि हूक ठेचकाळला. पाणी काठावरून उडालं, फोरमनच्या टोपीवर पडलं.

एकच आरडाओरडा! “सांडलं! थेंबेसाहेबांनी सांडलं!” लोक नाचायचे बाकी राहिले. कुणाच्या तरी लग्नात नसेल एवढा आनंद. फोरमनने ओली टोपी झटकत निकाल दिला, “ब्रेक नवीन आहे, अजून रुळला नाही.” बाबा खाली उतरले आणि त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. जांभईमामा तर दोन कप प्यायला, म्हणाला, “थेंबेसाहेबांचा चहा मेल्यावरच मिळेल वाटलं होतं.”

मला तो चहा गेला नाही. ब्रेकने माझ्याकडे बघून मान फिरवली नव्हती.

घरी जाताना मी रस्त्यातच सुरू केलं. “बाबा, उद्या लोखंड आहे. पाणी नाही.”

“माहितीये मला.”

“एक तर गोळी सुरू करा, नाहीतर वर जाऊ नका.”

“आज घेतली तर उद्या बसत नाही अंगाला. बाई म्हणाल्या होत्या ना, आठवडे लागतात.”

“मग सांगा फोरमनला, ताप आलाय. कावीळ सांगा. तुम्हाला कावीळ चांगली येते.”

बाबा थांबले. रस्त्याच्या कडेला टायरवाल्याचं दुकान होतं, तिथल्या टायरांच्या ढिगावर हात ठेवून उभे राहिले.

“खांबाला बघितलंस? चुंबक फिरवतो. काल मला म्हणाला, थेंबे, खालून तुझी क्रेन किती सुंदर दिसते रे.” ते टायरावरची धूळ पुसत राहिले, जसं काही विकत घ्यायचाय. “मला खाली उभं राहून काय करायचं असतं ते माहीतच नाही गं. उद्याचा एक दिवस निघू दे. पाहुणे गेले की बघू.”

“आणि उद्या टिचकी बसली तर? खाली मी असते बाबा. साच्याशी पोरं असतात.”

“मी सावकाश चालवीन. तू कुणाला बोलणार नाहीस. शब्द दे.”

मी रागाने लाल झाले होते. पण ते असे टायरांना धरून उभे. “नाही बोलणार,” मी म्हटलं. “एक शब्द नाही बोलणार.”

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. त्यांच्यातल्या प्रमुख एक बाई होत्या, डोक्यावर पांढरं हेल्मेट, नवंकोरं, स्टिकर काढायचं राहिलेलं. सेफ्टीसाहेबांनी त्यांना पाटी दाखवली, रेघ दाखवली, मग वर बोट करून बाबा दाखवले. बाबांनी काचेआडून हात हलवला. दोरीमागे पाहुणे, साच्यांपाशी ओतकाम करणारी पोरं, आणि मध्ये मी.

भट्टी तिरपी झाली, लॅडल भरली. ते बघताना नवीन माणूस नेहमी एक पाऊल मागे जातो. बाई गेल्या. सेफ्टीसाहेब दोन गेले.

मी ‘वर घे’ दिलं. लॅडल आपल्या चौथऱ्यावरून वीतभर उचलली गेली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून रुळाकडे. हूक ठेचकाळला. वीतभरच होतं म्हणून कुणाला कळलं नाही. वितळलेल्या लोखंडावर एक लाट आली, काठापर्यंत गेली आणि परत फिरली. बाबांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. पुन्हा तेच. त्यांची मान, मग लगेच हूक. जसं त्यांच्या मानेपासून हुकापर्यंत एक दोरी बांधलीय.

एक शब्द न बोलण्याचं मी म्हटलं होतं. हात वर न करण्याचं नव्हतं म्हटलं.

मी शिट्टी ओठांतच ठेवली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली.

क्रेन थांबली. शेडमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. बाबा काचेतून माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. मग मी हळूच ‘खाली सोड’ दिलं. लॅडल परत चौथऱ्यावर टेकली, अगदी अलगद. मान वळवावी लागली नाही ना.

“काय झालं? काय झालं?” सेफ्टीसाहेब धावत आले. “कुणी केलं हे? पाहुण्यांसमोर?”

“फुली आहे साहेब,” फोरमन म्हणाला. “फुलीला ओरडायचं नसतं.”

“पण कारण?”

मी शिट्टी चावत उभी. मला बोलायचं असताना मी गप्प आहे, हे बघून फोरमनच घाबरला. तेवढ्यात शिडीवरून पाय वाजले. बाबा उतरत होते. ते माझ्यासमोरून गेले, माझ्याकडे न बघता, आणि साहेबांपुढे उभे राहिले.

“साहेब, मी गोळी बंद केलीय.”

साहेबांना आधी कळलंच नाही. “कसली गोळी?”

“मनाची. बरीच वर्षं घेत होतो. तुम्ही हात वर करायला सांगितलेत, तेव्हापासून बंद केली.”

“म्हणजे तुम्ही घेत होता!”

“हो.”

“आणि आता घेत नाही?”

“नाही.”

साहेबांचा चेहरा उजळला. “मग झालं की! मग तर तुम्ही फिट आहात!”

“साहेब,” बाबा म्हणाले, “म्हणून तर खाली आलो.”

बाई हे ऐकत होत्या. त्यांनी हेल्मेट काढलं, सेफ्टीसाहेबांकडे पाहिलं, परत घातलं. ओतकामात बोलत बसायला वेळ नसतो, लॅडलमधलं लोखंड थांबत नाही, गार होत जातं. ते भांड्यातच गोठलं तर भांडं गेलं आणि लोखंडही गेलं.

“मामा, वर जा,” फोरमन म्हणाला.

जांभईमामा भिंतीला टेकून उभा होता. “कालपासून घरी गेलो नाही मी. मला आत्ता दोन हूक दिसतायत. कुठल्यात अडकवू ते सांगा, जातो.”

“तुम्ही तर काही गोळी घेत नाही ना?” सेफ्टीसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात विनवणी होती.

“एक नाही साहेब. मी एकदम शुद्ध.” आणि त्याने एवढी मोठी जांभई दिली की बाईंना पण आली.

“आणखी कुणीच नाही?” बाईंनी विचारलं.

“एकजण आहे,” फोरमन म्हणाला आणि खाली बघू लागला.

“मग बोलवा ना.”

“तो गोळी घेतो बाई.”

कुणी हसलं नाही. म्हणजे हसू येत होतं, पण लोखंड गार होत होतं. बाईंनी सेफ्टीसाहेबांकडे बघितलं, आणि सेफ्टीसाहेबांनी आपल्या त्या नव्या बुटांकडे. मग बाई एकच शब्द म्हणाल्या, “बोलवा.”

खांब आला, हातात चुंबक तसंच, त्याला खिळे लोंबकळत होते. वाकून दारातून आत शिरला, त्या हिरव्या पाटीखालून.

“अजून घेतोस का?” फोरमनने विचारलं.

“रोज,” खांब म्हणाला. “आता लपवायचं काय राहिलंय? रात्री जेवलो की घेतो, सकाळी उठून भंगार वेचतो.”

“वर जा.”

खांब सेफ्टीसाहेबांकडे वळला. “साहेबांनी सांगू दे. मला साहेबांनी खाली पाठवलंय. तात्पुरतं.”

तो टोमणा मारत नव्हता. त्याला मारता येत नाही. त्याला खरंच वाटत होतं की साहेबांनी सांगायला पाहिजे. “जा,” साहेब पुटपुटले.

“मोठ्यांदा सांगा साहेब, पंखे चालू आहेत.”

“वर जा!” साहेब ओरडले.

खांबाने चुंबक बाबांच्या हातात दिलं आणि शिडी चढला. केबिनमध्ये पाय दुमडून बसला, गुडघे काचेला टेकले. मी इशारा दिला. लॅडल उचलली गेली, शेडभर फिरली, साच्यांवर वाकली. पाण्याची असती तर चहा मिळाला नसता, एवढंच सांगते. बाबा दोरीजवळ चुंबक धरून उभे होते, आणि त्यांना खरंच कळत नव्हतं खाली उभं राहून काय करायचं. ते नुसते वर बघत होते.

फोरमन माझ्या कानाशी आला. “माझी अजून चालू आहे,” तो हळूच म्हणाला. “मी हात वर केला होता, तरी चालू आहे. कुणाला सांगू नकोस.” म्हणजे आता याचंही गुपित मी सांभाळायचं. शिट्टी नसून मी तिजोरीच आहे!

त्यानंतर सेफ्टीसाहेबांनी पुन्हा आम्हाला हॉलमध्ये बसवलं. बाईंकडून बरंच काही आलं असणार, कारण साहेब नव्या उत्साहात होते. आता म्हणे गोळी घेणाऱ्या प्रत्येकाचं त्याचा डॉक्टर ठरवणार, कधी चढायचं, कधी नाही. लपवायचं नाही, मनाने बंद करायचं नाही. ही कल्पना त्यांना स्वतःलाच सुचल्यासारखं ते सांगत होते. पडद्यावर रेघ होती. तीच. फक्त उलटी, आता डावीकडून उजवीकडे वर चढत गेलेली. “ही विश्वासार्हता,” साहेब म्हणाले. मी हात वर करणार होते, फोरमनने तो धरून खाली घेतला. हिरवी पाटी तेवढी काढली. चहावाल्याने नेली, तिच्यावर कप ठेवतो. डबल पाळीबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि जांभईमामा हॉलमध्ये पूर्ण वेळ झोपला होता.

बाबा डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी आधी त्यांना झापलं, मग आईला झापलं, मग मला विचारलं, “तू हसतेयस कशाला?” गोळी पुन्हा सुरू झाली, हळूहळू वाढवत. क्रेनवर चढायचं नाही, बाई हो म्हणेपर्यंत. ‘हो’ येईल की नाही, आलं तर कधी, ते बाईंनाही सांगता येत नव्हतं. यावेळी कावीळ नव्हती. सगळ्यांना खरं कारण माहीत होतं. सफरचंदं अर्थात कुणी पाठवली नाहीत. फक्त जांभईमामा एकदा घरी आला, बसला, आणि आमच्या खुर्चीत झोपला.

आणि बाबा माझ्याशी बोलेनात. कामावर एकत्र जायचो, पण ते रस्त्याच्या त्या बाजूने. वर खांब, खाली मी, आणि शेडमागे बाबा चुंबक फिरवताहेत. घरी मीठ हवं असेल तर ते आईला म्हणायचे, “तिला सांग मीठ दे.” मी आईला म्हणायचे, “त्यांना सांग मीठ संपलंय.” आई म्हणायची, “मला पगार द्या या कामाचा.” मला वाटलं, आता हे असंच. शब्द पाळूनही मी शब्द मोडला होता, आणि बाबांना तो फरक समजावून सांगायची माझी हिंमत नव्हती. माझी! हिंमत नव्हती!

एकदा दुपारच्या सुट्टीत मी शेडमागे गेले. बाबा उन्हात उकिडवे बसून चुंबकाला चिकटलेले खिळे काढत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही. खिळे काढता काढताच म्हणाले, “तुझा डावा हात कोपरात वाकतो.”

“काय?”

“फुली करताना. त्या दिवशी पण वाकला होता. वरून ती फुली नाही दिसत. जांभई देतेयस असं दिसतं.”

मला रागच आला. इतक्या दिवसांनी बोलले, आणि ते पण चूक काढायला. “मग थांबलात कशाला?”

बाबांनी चुंबक बाजूला ठेवलं.

“तू गप्प होतीस,” ते म्हणाले. “शिट्टी नाही, ओरडणं नाही. म्हटलं, ही पोरगी गप्प आहे म्हणजे काहीतरी भयंकर आहे.”

मी तोंड उघडलं. मग म्हटलं, राहू दे. त्यांनी शेजारचा एक गंजका डबा माझ्याकडे सरकवला, मी त्यावर बसले, आणि आम्ही दोघं खिळे काढत बसलो. आत शेडमध्ये खांबाची क्रेन चालली होती, तिचा आवाज ऐकू येत होता.

“जोरात घेतोय वळण,” बाबा म्हणाले.

“सांगू का त्याला?”

“नको. मीच सांगेन,” बाबा म्हणाले. “वर गेलो की.”